‘डिस्कस’नंतरचा नको असलेला ‘अबाउट’

गोव्यात मराठी प्राथमिक शाळेतून पाचवीत इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलांना नाम, क्रियापद, विशेषण यांची तोंडओळख झालेली असते. अडतं ते पुढे. इंग्रजीत एकच शब्द कधी नाम असतो, कधी क्रियापद, आणि जात बदलली की त्याच्यामागे काय यायचं तेही बदलतं.

‘वी डिस्कस्ड अबाउट द रोड’ हे वाक्य पंचायतीला लिहिलेल्या अर्जातही सापडतं. ‘रस्त्याविषयी चर्चा केली’ असं मनात असतं, म्हणून ‘विषयी’चा ‘अबाउट’ होतो. पण मराठीत ‘चर्चा’ हे नाम, काम करतं ते ‘करणे’. ‘डिस्कस’ मात्र स्वतःच सकर्मक क्रियापद आहे. त्याला कर्म थेट लागतं: ‘वी डिस्कस्ड द रोड’. नाम वापरलंत तर ‘अबाउट’ हवा: ‘वी हॅड अ डिस्कशन अबाउट द रोड’.

आपल्या बहुतेक चुका या ‘करणे-देणे’वाल्या जोड्यांतूनच येतात, असं माझं ठाम मत आहे. मागणी करणे: ‘वी डिमांड वॉटर’, पण ‘अवर डिमांड फॉर वॉटर’. भर देणे: ‘शी एम्फसाइझ्ड धिस पॉइंट’, पण ‘एम्फसिस ऑन धिस पॉइंट’. रजेच्या अर्जातलं ‘आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ही असंच, तिथे ‘आय रिक्वेस्ट लीव्ह’ किंवा ‘माय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ लिहावं.

जात ओळखायला शब्दाच्या आधी पाहा. ‘अ’, ‘द’, ‘माय’, ‘अवर’ असेल तर तो बहुधा नाम, मध्ये एखादं विशेषण आलं तरी. शब्दाला भूतकाळ लावता आला तर क्रियापद. ‘ॲडव्हाइस’ आणि ‘ॲडव्हाइझ’मध्ये कानही मदत करतो: शेवटी ‘स’ ते नाम, ‘झ’ ते क्रियापद. ‘ॲडव्हाइसेस’ मात्र लिहू नका, या नामाला अनेकवचन नाही.

‘गो टू होम’ चुकतं, कारण इथे ‘होम’ क्रियाविशेषण आहे, आपल्या ‘घरी’सारखं. ‘गो टू स्कूल’मधलं ‘स्कूल’ नाम, म्हणून तिथे ‘टू’ राहतो.

आता सगळीकडचे ‘फॉर’ आणि ‘टू’ खोडत सुटू नका. ‘वेट’ आणि ‘लिसन’ एरवी अकर्मक आहेत. दिवाडीच्या धक्क्यावर उभे असाल तर ‘आय ॲम वेटिंग फॉर द फेरी’ असंच म्हणायचं.