जस्टिस सोसायटीचं पुनर्वाचन: ३८ अंक झाले, १७ उरले

काल रात्री ४०वा अंक संपला. जस्टिस सोसायटी या सुपरहिरो संघाच्या गोष्टी ज्यात आल्या, त्या जुन्या अमेरिकी 'ऑल स्टार कॉमिक्स'चे ३ ते ५७ अंक ओळीने वाचायचं ठरवलं होतं, त्यातला मोठा डोंगर उतरलो.

पद्धत तीच. वहीत प्रत्येक अंकाची एक आडवी पट्टी. पानावर एकटाच वीर असेल तर लाल, दोघं-तिघं एकत्र असतील तर निळी. सुरुवातीच्या पट्ट्या बघून बायको म्हणाली, "हा काय, परीक्षेचा निकाल आहे का?" सगळं लालच लाल.

'पहिला सुपरहिरो संघ' म्हणून ज्याचं आपण कौतुक करतो, तो १९४०च्या हिवाळी अंकातला (म्हणजे ३ऱ्या) संघ एकत्र लढतच नाही. आठ जण जेवायला जमतात आणि पाळीपाळीने आपापला पराक्रम सांगतात. प्रत्येकाची गोष्ट वेगळी, चित्रकारही वेगळा. थेट भिशीची बैठक! पूर्वी वाचताना हे खटकलं नव्हतं, कारण मी फक्त हॉकमनची पानं शोधत होतो.

यामागचा हिशेब मात्र चोख आहे. दोन भावंड-कंपन्यांची चार मासिकं, प्रत्येकातून दोन वीर: फ्लॅश आणि हॉकमन, ग्रीन लँटर्न आणि अ‍ॅटम, सँडमन आणि अवरमॅन, स्पेक्टर आणि डॉक्टर फेट. म्हणजे संघ कसला, चार मासिकांची जाहिरातच. म्हणून तर ज्याच्या नावाचं स्वतंत्र पुस्तक निघेल त्याला 'मानद सदस्य' करून बाहेर बसवायचं. ६व्या अंकात फ्लॅश गेला, पाठोपाठ ग्रीन लँटर्न. बढती मिळाली की हकालपट्टी! सुपरमॅन-बॅटमॅन तर पहिल्यापासूनच मानद.

एक दुरुस्ती. मागच्या नोंदीत जॉनी थंडर या वीराला मी ३ऱ्या अंकापासूनच सदस्य धरलं होतं. चूक. तिथे तो नुसता येऊन बसतो. फ्लॅशची जागा त्याला ६व्यात मिळते. पट्टी खोडून पुन्हा रंगवली.

त्या जेवणातला सगळ्यात जिवंत क्षण मा हंकेलचा. डोक्यावर पातेलं घालून 'रेड टोर्नॅडो' नावाने वीर बनलेली ही बाई ऐटीत आत येते आणि पँट फाटल्यामुळे आल्या पावली परत फिरते. तेवढ्या चौकटींत ती बाकीच्या आठांपेक्षा जास्त लक्षात राहते, असं माझं मत.

नंतर संघात आलेल्या वंडर वुमनचं मात्र वाचवत नाही. टेबलाभोवतीच्या बहुतेकांना एका हाताने उचलेल अशी बाई, आणि तिला दिलंय चिटणीसपद! पुरुष मोहिमेवर निघाले की तिने मागे राहायचं. या गोष्टी लिहिणारा गार्डनर फॉक्स माझा लाडका लेखक, पण इथे त्याची बाजू घेता येत नाही.

४थ्या अंकापासून मोहीम सगळ्यांची एकच असते. पण बैठक झाली की सगळे पांगणार आणि शेवटच्या पानांवर पुन्हा भेटणार. हा साचा वर्षानुवर्षं चालतो. युद्धानंतर पुस्तकाची पानं घटली, प्रत्येकाला वेगळं प्रकरण द्यायला जागा उरली नाही, तेव्हा वीर जोड्याजोड्यांनी जाऊ लागले. निळी पेन्सिल खरी तिथे बाहेर निघाली. आपण ज्याला संघभावना म्हणतो ती, मला तरी वाटतं, निम्मी कागदाच्या टंचाईने दिली.

३७वा अंक (१९४७) दोनदा वाचला. विझर्ड, थिंकर, गॅम्बलर, व्हँडल सॅव्हेज, ब्रेन वेव्ह, पेर डेगाटन असे सहा खलनायक स्वतःचीच इनजस्टिस सोसायटी काढतात. समोर टोळी उभी राहिल्यावर इकडचेही जरा टोळीसारखे वागायला लागतात.

पुढचा टप्पा ४१पासून; ब्लॅक कॅनरी सदस्य होते तो अंक. ५७ला, १९५१मध्ये, संघ संपतो आणि त्याच क्रमाने पुढे काउबॉय येतात: 'ऑल-स्टार वेस्टर्न' ५८. गंमत म्हणजे १९७६ला संघ परतला तेव्हा त्या अंकावरही ५८च छापलं. वहीत ५८ची ओळ दोनदा आखावी लागणार, आणि घोड्यांसाठी कुठला रंग घ्यावा हे अजून ठरलेलं नाही.