पाठांतर आणि समज

आज दिवसभर बॅकएंड डेव्हलपरच्या (ॲपची पडद्यामागची, सर्व्हरची बाजू लिहिणाऱ्याच्या) जागेसाठी इंटरव्ह्यू घेतले. एका मुलीचं उत्तर अजून डोक्यात आहे.

प्रश्न साधाच होता. ऑर्डर्सच्या टेबलवर शहर आणि तारीख, या क्रमाने एकच इंडेक्स (नोंदी पटकन सापडाव्यात म्हणून डेटाबेसने ठेवलेली क्रमवार सूची) आहे. फक्त तारखेवर शोधलं तर त्याचा उपयोग होईल का? "इंडेक्स आहे म्हटल्यावर होणारच," असं आधीचे बरेच जण म्हणाले होते. हिने कागद मागितला, बी-ट्रीच्या, म्हणजे इंडेक्स ज्या झाडासारख्या रचनेत साठवतात तिच्या, फांद्या काढल्या आणि बोलत गेली. नोंदी आधी शहराप्रमाणे लागणार, तारखा त्या त्या शहराच्या आत. म्हणजे १५ ऑगस्टच्या ऑर्डरी पुण्याखालीही, नाशिकखालीही, सोलापूरखालीही विखुरलेल्या. मग म्हणाली, "सर, फारसा होणार नाही, पण एक्स्प्लेन चालवून बघितल्याशिवाय खात्री देणार नाही." (एक्स्प्लेन म्हणजे डेटाबेस शोध कसा घेणार ते दाखवणारी कमांड.) मन भरून आलं!

बायर आणि मॅकक्राइट यांचा बी-ट्रीवरचा पेपर १९७२ सालचा. एवढी फ्रेमवर्क्स आली नि गेली, पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या डेटाबेसचे नेहमीचे इंडेक्स आजही त्याच घराण्यातले. म्हणूनच "टॉप १०० प्रश्न" छाप पीडीएफ घोकणाऱ्या मुलांसाठी जीव तुटतो. हुशार असतात हो ही मुलं.

पोस्टग्रेस फुकट आहे. लॅपटॉपवर टाका, १० लाख खोट्या ओळी भरा, एक्स्प्लेन ॲनलाइझ (शोध खरंच चालवून लागलेला वेळही दाखवतं) लावा, इंडेक्समधला क्रम उलटा करून पुन्हा बघा. पेमेंटची तीच रिक्वेस्ट दोनदा आली तर काय, हेही असंच करून बघा.

कुठे अडलात तर मेसेज टाका, रात्री जेवणानंतर नक्की उत्तर देईन.