दोन गुऱ्हाळे

दिवाळीच्या पाडव्याला मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यांचा मुहूर्त होतो आणि त्याच्या आधीचा आठवडा आमच्यासारख्या अडत दुकानदारांचा पत्रे लिहिण्यात जातो. वडील ही पत्रे पोस्टकार्डावर लिहीत. मी गेली काही वर्षे ती ईमेलने पाठवतो. शेतकऱ्यांना आणि गावोगावच्या सोसायट्यांना मराठीत, गुजरातमधल्या व्यापाऱ्यांना हिंदीत आणि एका निर्यातदाराला माझ्या मगदुराप्रमाणे इंग्रजीत. माझ्या ईमेलच्या प्रोग्रामला यांपैकी इंग्रजी तेवढी उपजत येत होती. त्यामुळे मराठी पत्र लिहायला घेतले की ‘सप्रेम नमस्कार’पासून ‘कळावे’पर्यंत प्रत्येक शब्दाखाली तांबडी नागमोडी रेघ उमटे आणि बरोबर लिहिलेले पत्रही नापास मुलाच्या वहीसारखे दिसू लागे. यंदा मी ठरवले की याला मराठीचा आणि हिंदीचा शब्दकोश बसवून टाकायचा, म्हणजे निदान खऱ्या चुका आणि खोट्या चुका वेगळ्या होतील.

मराठी शब्दकोश मिळाला, तोही फुकट. बटणावर टिचकी मारताच तो बसल्याचा निरोपही पडद्यावर आला. मेलचा प्रोग्राम उघडून पाहिला, तर रेघा होत्या तिथेच. प्रोग्राम बंद करून उघडला, संगणक बंद करून चालू केला, पुन्हा टिचकी मारली. दर वेळी कोश बसल्याचे कळे आणि पत्रात त्याचा मागमूस नसे. तीन दिवस असे गेल्यावर, संध्याकाळी शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या आवरत असताना भाचा दुकानात डोकावला. त्याने खुर्ची ओढली, दोन ठिकाणी पाहिले आणि म्हणाला, “मामा, बसलाय की ओ. पण ब्राउझरमध्ये बसलाय. मेलवाल्याला कुठनं कळणार?”

माझा ब्राउझर आणि माझा मेलचा प्रोग्राम एकाच घराण्यातले आहेत आणि दोघांच्याही जोडण्यांच्या फाइलींना एकच आडनाव असते, एक्सपीआय. ब्राउझरमध्ये अशा फाइलीवर टिचकी मारली की ती आपल्यासाठीच आली आहे असे समजून तो ती ठेवून घेतो. तेव्हा उजवी टिचकी मारून फाइल नुसती जतन करायची, मग मेलच्या प्रोग्रामातल्या ॲड-ऑनच्या पानावर जायचे, तिथल्या दातेरी चाकाखाली फाइलमधून बसवण्याचा पर्याय असतो तो निवडायचा आणि जतन केलेली फाइल त्याच्या हाती द्यायची. आमची पहिली फाइल जुन्या बांधणीची निघाली, ती प्रोग्रामने नाकारली. दुसरी आणली, ती बसली. तरीही रेघा हलल्या नाहीत, कारण शब्दकोश बसला म्हणून आपणहून कामाला लागत नाही; पत्राच्या खिडकीत पुन्हा उजवी टिचकी मारून भाषांच्या यादीत मराठीपुढे खूण करावी लागते. हमाल यार्डात येऊन उभा आहे, पण कोणता ट्रक भरायचा हे त्याला कुणी सांगितलेलेच नाही, असा तो प्रकार होता. खूण केली आणि एकदम अर्ध्याहून अधिक पत्र स्वच्छ झाले.

भाच्याला एवढ्यावर उठायचे होते, पण मला त्या फाइलीत काय भरले आहे ते पाहायचे होते. एक्सपीआय ही खरे तर साधी झिप फाइल असते. तिच्या पोटात कामाच्या दोन फाइली निघाल्या. एकीत शब्दांची यादी, जिच्या पहिल्या ओळीवर साधारण किती शब्द आहेत तो आकडा असतो आणि शब्दांपुढे तिरकी रेघ देऊन काही खुणा केलेल्या असतात. दुसरीत त्या खुणांचे अर्थ, म्हणजे कोणत्या खुणेच्या शब्दाला शेवटचे काय काढून काय लावायचे, याचे नियम. ही सगळी व्यवस्था हंस्पेल नावाच्या यंत्रणेची आहे आणि ती लास्लो नेमेथ या हंगेरीच्या माणसाने आपल्या भाषेसाठी उभी केली. हंगेरियनमध्येही एका शब्दाच्या मागे प्रत्ययांची गाडी लागते म्हणे, म्हणून त्याने एकावर एक लागलेले दोन प्रत्यय सोलून मूळ शब्दापाशी पोचण्याची सोय त्यात करून ठेवली. ‘गुळासाठीच्या’ असे लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांच्या ती आयतीच कामी आली.

मात्र मराठीला नुसते मागे डबे जोडून भागत नाही, डबा जोडताना इंजिनही थोडे बदलते. ‘गूळ’ या शब्दातला ऊ दीर्घ, पण प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो: गुळाचा, गुळाला. ‘ऊस’चेही तसेच, उसाचा, उसाला. म्हणजे यंत्राने ‘गूळ’च्या शेवटी ‘आचा’ चिकटवून चालत नाही. आधी ‘ूळ’ काढून तिथे ‘ुळ’ आणावे लागते. बरे, हा नियम सरसकट लावावा तर ‘दूत’ हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द ‘दूताचा’ असाच राहतो. यंत्राला कानाने हे कळत नाही, म्हणून कुणीतरी बसून गुळापुढे एक आणि दूतापुढे दुसरी अशी खूण करावी लागते. हे ज्यांनी विनामोबदला केले असेल त्यांच्या चिकाटीपुढे हात जोडावेत.

शुद्धलेखनाचे चौदा नियम शासनाने मान्य केले ते १९६२ साली, म्हणजे आमचे शिवाजी विद्यापीठ ज्या वर्षी सुरू झाले त्याच वर्षी. १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली. मी ते शाळेत शिकलो आणि, आता लपवण्यात अर्थ नाही, शाळेतच सोडून आलो. कारण नव्या कोशाने पत्रात धरलेली पहिली खरी चूक ‘गूळाचा’ ही होती. मी ती दुरुस्त केली, पुढच्या ओळीत तीच, त्याच्या पुढच्या ओळीतही तीच. मग मला शंका आली म्हणून पायऱ्या उतरून रस्त्यावर गेलो आणि मान वर करून पाहिले. दुकानाच्या पाटीवर वीतभर उंचीच्या अक्षरांत ‘गूळाचे अडते’ असे लिहिले होते. पाटी रंगवून घेताना मजकूर मीच कागदावर लिहून दिला होता, त्यामुळे पेंटरकडे बोट दाखवायचीही सोय नव्हती.

हिंदीचा कोश बसवायला पाच मिनिटे लागली, कारण वाट आता माहीत झाली होती. त्याने वेगळाच घोळ घातला. दोन्ही भाषांपुढे एकाच वेळी खूण केली की शब्द दोहोंपैकी एकाच कोशात असला तरी पास होतो. मराठीत ‘शक्ती’ लिहायचे, हिंदीत ‘शक्ति’. दोन्ही पहारेकरी एकाच दारावर उभे असल्यावर ऱ्हस्वही सुटतो आणि दीर्घही सुटतो. म्हणून मी आता पत्र बदलले की खूणही बदलतो, आणि विसरलो की गुजरातच्या व्यापाऱ्याचे अख्खे पत्र तांबडे होऊन मला आठवण करून देते.

उरला धंद्यातला शब्दसंग्रह. काहील, चुलवाण, गुळव्या, आदण, काकवी यांतला एकही शब्द माझ्या कोशाला ठाऊक नव्हता. ‘रवा’, म्हणजे गुळाची ढेप, त्याने बिनतक्रार सोडला, पण बहुधा शिऱ्याचा समजून, कारण ‘तीस किलोचे रवे’ म्हटल्यावर लगेच रेघ आली. शिऱ्याच्या रव्याला अनेकवचन कुठले असायला? अशा शब्दावर उजवी टिचकी मारून तो आपल्या खासगी कोशात घालता येतो. ही एक साधी मजकुराची फाइल असते, एका ओळीला एक शब्द, आणि तिला प्रत्ययांचे काही कळत नाही. ‘काहील’ शिकवला म्हणून ‘काहिलीत’ येत नाही, ‘काहिलीतला’ तर नाहीच. मी आठवडाभर एकेक शब्द घालत होतो. जो मजकूर दहा मिनिटांत लिहून व्हायचा त्याला तास लागत होता, पण त्यात मजा येत होती हेही खरे. वडिलांच्या तोंडचे शब्द वहीत उतरवून घ्यायचे राहून गेले ते असे उतरत होते.

त्यात ‘गुऱ्हाळ’ अडले. शब्द मी पहिल्याच दिवशी घातला होता, त्याखालची रेघ गेलीही होती. दुसऱ्या दिवशी भाच्याने माझ्या संगणकावर एका सोसायटीचे पत्र टंकले आणि त्यातल्या ‘गुऱ्हाळ’खाली रेघ आली. मी तो पुन्हा कोशात घातला. खासगी कोशाची फाइल उघडून पाहिली, तर दोन ओळींत दोन गुऱ्हाळे, अगदी जुळी, वेलांटी-काना-मात्रेचाही फरक नाही.

भेद डोळ्यांना दिसणारा नव्हताच. ‘ह’च्या अंगाला बिलगलेला तो कोयत्याच्या आकाराचा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरांना क्रमांक देण्याच्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. मी इन्स्क्रिप्ट नावाच्या कळफलकावर टंकतो. त्यात नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेल्या ‘ऱ’ची स्वतंत्र कळ आहे, तो ऱ आणि पाय मोडण्याचे चिन्ह असे मी लिहितो. भाचा वापरतो त्या फोनेटिक पद्धतीत साधा र, पाय मोडण्याचे चिन्ह आणि त्यापुढे एक जोडचिन्ह येते, ज्याला शून्य रुंदी असते. ते पडद्यावर जागा घेत नाही, छापले तर शाई घेत नाही, पण यंत्र ते मोजते. दोन्हींपैकी काहीच नीट नसेल तर डोक्यावर रफार चढून ‘गुर्हाळ’ होते, ते निदान उघड चुकलेले दिसते. हा अर्धा र मराठीने उगाच जपलेला नाही, तो नसता तर आचाऱ्यांना बोलावले की आचार्यांना, हे पत्रावरून कळले नसते आणि जेवणावळ उपाशी उठली असती. पण एकच र दोन वाटांनी घरात येतो आणि कोश मात्र एकाच वाटेवर बसलेला असतो.

“एक काढून टाका की,” भाचा म्हणाला. “दोन कशाला ठेवायची?” मी एक ओळ पुसली. कोणती पुसली ते दिसण्यासारखे नव्हते, म्हणून दोन्ही तऱ्हांनी शब्द लिहून पाहिला. माझे गुऱ्हाळ तांबडे झाले. ते परत घातले आणि दुसरी ओळ पुसली, तर भाच्याचे झाले. पाडवा चार दिवसांवर आला होता आणि पंचवीस पत्रे जायची होती. मी दोन्ही गुऱ्हाळे फाइलीत पुन्हा एकाखाली एक बसवली, वर ‘गुऱ्हाळात’ आणि ‘गुऱ्हाळावर’ हेही दोन-दोनदा घातले, आणि भाच्याला पेंटरकडे पाठवले.