क्रोशाची फडकी आणि सुतळीची घासणी

क्रोशाचं फडकं विणून झाल्यावर किती देखणं दिसतं याला फारसा अर्थ नाही. जुलैत रात्री पिळून टांगलेलं फडकं सकाळी कोरडं मिळतं का, ते बघायचं. ओलं राहिलं की वास येतो, आणि वास आला की घरातलं माणूस गुपचूप स्पंज विकत आणतं. त्यामुळे खाली जी मापं आणि टाके दिले आहेत ते सगळे लवकर वाळण्याच्या हिशेबानं आहेत. वॅफल, पॉपकॉर्न, दुहेरी थर हे टाके व्हिडिओत छान दिसतात, पण धागा दीडपट-दुप्पट खातात आणि पावसाळ्यात दोन दिवस ओले राहतात. भांड्यांच्या फडक्याला ते वापरू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी धागा. भांडी, ओटा, काचेची बरणी, जिथे पाणी टिपायचं आहे तिथे शंभर टक्के सुती, मऊ पिळाचा 8 प्लाय जाडीचा धागा घ्यावा. रुमालांच्या लेससाठी मिळतो तो चकचकीत, घट्ट पिळाचा दोरा टिकाऊ असतो, पण पाणी हळू ओढतो. ‘मिल्क कॉटन’ नावानं मिळणारा गुळगुळीत धागा बहुतेक वेळा अॅक्रिलिकमिश्रित असतो. दुकानदाराच्या शब्दावर जाण्यापेक्षा बोटभर धागा चिमट्यात धरून वॉशबेसिनवर जाळून बघावा. सूत कागदासारखं जळतं, वास कागदाचाच येतो आणि उरलेली राख बोटानं चुरता येते. अॅक्रिलिक वितळून आक्रसतं आणि टोकाला काळा, कडक मणी धरतो. राखेत बारीकसे कडक कण लागले तर धागा मिश्र आहे. असा धागा गरम तव्याजवळ किंवा कुकरचं झाकण धरायला अजिबात नको, वितळून बोटाला चिकटतो.

रंग पांढरा किंवा कोरा घ्यावा, कारण ही फडकी उकळायची असतात. गडद लाल आणि निळे धागे पहिल्या उकळीत रंग सोडतात. रंगीत धागा हवाच असेल तर तो फक्त काठाला, तोही मासे-मटणाचं फडकं वेगळं ओळखू यावं म्हणून.

आता विणकाम. इथे मुका खांब म्हणजे अमेरिकी पद्धतीचं सिंगल क्रोशे. इंग्लंडच्या नमुन्यांत त्याच टाक्याला डबल क्रोशे म्हणतात, तेव्हा जुनं पुस्तक समोर असेल तर आधी ते तपासावं. क्रोशाची सुई 4 मिमीची, धागा साधारण 30 ग्रॅम, तयार फडकं सुमारे 20 सेंमी चौरस. याहून मोठं केलं तर ओलं झाल्यावर जड होतं आणि पिळताना मनगट भरून येतं.

36 साखळ्या घालाव्यात, त्या मात्र 4.5 मिमीच्या सुईनं. साखळी घट्ट पडली की खालचा काठ आत ओढला जातो आणि चौकोनाचा पंखा होतो. मग 4 मिमीची सुई घेऊन, सुईपासून चौथ्या साखळीत पहिला मुका खांब. एक साखळी, खालची एक साखळी सोडून पुढचीत मुका खांब, असं टोकापर्यंत. ओळीत 17 मुके खांब भरतात. काम उलटवून 2 साखळ्या. इथून पुढे मुका खांब खालच्या खांबाच्या डोक्यात न घालता दोन खांबांमधल्या साखळीच्या फटीत घालायचा, आणि दर दोन खांबांमध्ये एक साखळी. ओळीचा शेवटचा खांब वळणाच्या साखळ्यांखालच्या फटीत जातो. साधारण चाळीस ओळींनी चौकोन होतो. कोपऱ्यावर कोपरा तिरपा दुमडून बघावा. सूत पहिल्या धुण्यात आटतं, आणि बहुधा लांबीत जास्त, म्हणून एक-दोन ओळी जादा घातलेल्या बऱ्या.

फडकं वर निमुळतं होत गेलं तर कारण जवळपास नेहमी एकच: ती शेवटची फट. वळणाच्या साखळ्या ओढल्या गेल्या की फट बारीक होते, नजरेतून सुटते आणि ओळीत 16 खांब उरतात. दर चार-पाच ओळींनी 17 मोजावेत. दहाव्या ओळीत सुटलेली फट तिसाव्या ओळीत कळली तर वीस ओळी उसवण्याला पर्याय नाही.

शेवटच्या कोपऱ्यावर, फडकं टांगायला, 14 साखळ्या घालून त्याच टाक्यात जोडाव्यात आणि त्या वेढ्यावरून 18-20 मुके खांब घ्यावेत. नुसत्या साखळीची अडकवणी ओल्या फडक्याच्या वजनानं लांबते. धाग्याची टोकं 12-15 सेंमी ठेवून शिवणाच्या जाड सुईनं तीन दिशांना फिरवून दडवावीत. गाठ मारू नये, गाठीत अन्नाचे कण बसतात आणि काचेवर ती खरखरते.

घासणीला सुतळी. बारीक, दोन पदरी सुतळी सहा-सात मीटर आणि 5.5 मिमीची सुई. नव्या सुतळीला रॉकेलसारखा वास असतो, कारण ताग कातताना त्याला तेल लावतात. गरम पाण्यात थोडा भांड्यांचा साबण घालून तासभर भिजवावी आणि धुवावी. धुण्याचा सोडा इथे नको, क्षारानं ताग कमजोर होतो. विणताना सुतळी किंचित ओलसर ठेवली तर बोटं सोलत नाहीत आणि कूसही कमी उडतं.

मॅजिक रिंग, म्हणजे गोल विणकामाच्या सुरुवातीचा ओढून आवळायचा फास, सुतळीत सरकत नाही, मध्ये भोक राहतं. त्यापेक्षा 2 साखळ्या घालून पहिलीत 6 मुके खांब घ्यावेत. पुढच्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे 12. मग एकात एक, पुढच्यात दोन असं करत 18. नंतर दर फेरीला सहा वाढवत 24, 30, 36. सुमारे 9 सेंमीची चकती होते, तळहातात बरोबर बसते. कड वाटीसारखी वळली तर टाके घट्ट आहेत किंवा वाढ राहिली आहे. झालरीसारखी लाटा मारू लागली तर वाढ जास्त झाली आहे. दोन चकत्या शिवून जाड घासणी करण्याचा मोह होतो. करू नये, आतला ताग वाळत नाही, काळा पडतो आणि कुजतो. एकेरी असली तरी सुतळीची घासणी काही आठवड्यांचीच सोबतीण, तिच्याकडून काथ्याइतका टिकाऊपणा मागू नये. स्टीलची आणि लोखंडाची भांडी तिला द्यावीत, नॉनस्टिकला सुती फडकंच बरं.

नवं सुती फडकं पहिल्या दिवशी पाणी नीट टिपत नाही. धाग्यावरचं मेण आणि फिनिशिंग जायला एक-दोन गरम धुण्या लागतात. त्यानंतर आठवड्यातून एकदा, एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घालून दहा मिनिटं उकळावं. फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नये, त्याचा थर बसला की सूत पाणी झिडकारतं. हळदीचा डाग साबण लागताच लालसर होतो, त्यानं घाबरू नये. धुऊन ओलंच उन्हात टाकलं की तो विरतो. ब्लीचनं डाग लवकर जातो, पण सूतही लवकर विरतं.

अॅक्रिलिकला एक काम चांगलं जमतं, कोरडी धूळ. घासल्यावर त्यात स्थिर वीज तयार होते आणि धूळ चिकटते, म्हणून सपाट मॉपचं कोरडं कव्हर त्याचं विणावं: मॉपच्या पाटीइतक्या रुंदीची पट्टी, लांबीला 14-16 सेंमी जास्त, दोन्ही टोकं दुमडून बाजू शिवल्या की खिसे तयार. दमट हवेत हा गुण कमी होतो. ओल्या पुसण्यासाठी तेच कव्हर सुती विणावं आणि पाटीपेक्षा सेंटीमीटरभर तोकडं ठेवावं, भिजल्यावर ते ताणतं.

जीर्ण सुती फडकं आधी लादीला, मग कंपोस्टला जातं. डब्यात टाकण्याआधी त्याचे दोन-तीन सेंमीचे तुकडे करावेत, नाहीतर खत ढवळताना लांब दोरे काठीला गुंडाळतात.