हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी

वडिलांचं वर्षश्राद्ध आटोपलं की बहिणींना निरोप येतो, "एकदा येऊन सही करून जा." रजिस्टर ऑफिसबाहेरच्या टपरीवर हक्कसोडपत्राचा दस्त, म्हणजे मिळकतीतला आपला हिस्सा सोडून दिल्याचा कागद, आधीच टाइप होऊन पडलेला असतो. वाचायला मागितला तर "आमच्यावर विश्वास नाही का?" हे ठरलेलं. तरीही मागाच, जमल्यास आदल्या दिवशी. एकदा दुय्यम निबंधकांपुढे फोटो निघाला, अंगठा उमटला, की तो दस्त रद्द करायला दिवाणी कोर्टात फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो.

आधी आपला हिस्सा काढा. वडिलांची स्वकष्टार्जित ४ एकर जमीन आहे, मृत्युपत्र नाही, मागे आई, दोन भाऊ आणि एक बहीण. चौघांना सारखे चार-चार आणे, म्हणजे प्रत्येकी ४० गुंठे. लग्नात किती खर्च झाला, याचा या हिशेबाशी काडीचा संबंध नाही. वडिलोपार्जित जमिनीत हिंदू वारसा कायद्याच्या ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने मुलगी मुलासारखीच जन्मतः सहहिस्सेदार झाली. त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटप झालं असेल, तर मात्र ते उकरून काढता येत नाही.

खरी गोची वारस नोंदीत होते. प्रतिज्ञापत्रात बहिणीचं नाव गाळलं जातं, नाहीतर ते भोगवटादार सदरी, म्हणजे जमीनधारकांच्या रकान्यात, न लागता सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' रकान्यात ढकललं जातं. मयत बहिणीची मुलं तर सर्रास विसरली जातात, तीही वारस असतात. 'आपली चावडी' या संकेतस्थळावर गावातल्या फेरफारांच्या, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नोंदी बदलण्याच्या, नोटिसा दिसतात. हरकतीला १५ दिवस असतात. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. मुदत हुकली तर प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) ६० दिवसांत अपील करता येतं. नुसत्या फेरफाराने मालकी जात नाही, पण सातबारा एकट्याच्या नावावर आला की जमीन परस्पर विकली जाते, आणि मग वर्षानुवर्षं निस्तरत बसावं लागतं.

हक्क सोडायचाच असेल तर खुशीने सोडा, पण नेमका कशावरचा, ते दस्तात हवं: गाव, गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, घर असल्यास ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरचा मिळकत क्रमांक. "इतर सर्व स्थावर मिळकती" असं मोघम वाक्य दिसलं की खोडायला लावा, कारण त्यात गावातलं घरही जातं. शेतावरचा हक्क सोडून घरातला ठेवता येतो. मोबदला ठरला असेल तर तो दस्तात लिहा. "पैसे नंतर देऊ" या तोंडी शब्दावर सही करू नका. साध्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून जमिनीचा हक्क सुटत नाही, नोंदणी लागतेच.

आणखी एक गोष्ट फार जणींना कुणी सांगत नाही. वर सांगितलेल्या उदाहरणात वडिलांकडून आलेला हिस्सा बहिणीने सोडला, तरी आईच्या ४० गुंठ्यांचा प्रश्न वेगळा. आई मृत्युपत्र न करता गेली, तर त्यात बहिणीचा तिसरा हिस्सा, म्हणजे सव्वातेरा गुंठ्यांहून थोडा जास्त, पुन्हा येतो. तेव्हा परत निरोप येईल. त्या वेळी आधीचा दस्त आणि इंडेक्स-२ ची (नोंदणी झालेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्याची) प्रत स्वतःकडे असायला हवी, भावाच्या कपाटात नव्हे.