शंकू नव्हे, पायऱ्या: दख्खनच्या ज्वालामुखीचे मॉडेल, ११ थर ओतून झाल्यानंतरची नोंद

शाळेच्या प्रदर्शनात ज्वालामुखी म्हटला की मातीचा शंकू, आत बाटली, बाटलीत खायचा सोडा आणि व्हिनेगर. फेस छान येतो, पण त्यातून लाव्हाबद्दल काहीच कळत नाही. अंदमानातल्या बॅरन बेटाचे मॉडेल करायचे असेल तर शंकू बरोबरच आहे. महाराष्ट्राची जमीन घडली ती मात्र शंकूतून नव्हे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लांबच लांब भेगांतून पातळ बेसॉल्ट लाव्हा वर आला, पसरला, गोठला आणि त्यावर पुढचा प्रवाह आला. आज उरलेला हा खडक जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर आहे. म्हणून या मॉडेलमध्ये उद्रेक नाही, उभा छेद आहे: समुद्रसपाटीपासून कळसूबाईच्या माथ्यापर्यंत.

कळसूबाई १६४६ मीटर. १ : १०,००० या प्रमाणात ठोकळ्याची उंची साडेसोळा सेंटिमीटर होते, म्हणजे दीड सेंटिमीटरचे ११ थर. लांबी ३० सेंमी, रुंदी १० सेंमी. मॉडेलमधला एक थर १५० मीटरचा होतो. प्रत्यक्षात एकेक प्रवाह बहुधा काही मीटर ते काही दशक मीटर जाडीचा असतो, त्यामुळे ‘एक थर म्हणजे प्रवाहांचा एक गट’ असे पाटीवर स्पष्ट लिहायला हवे. परीक्षकांचा पहिला प्रश्न इथेच येतो, आणि तो रास्त आहे.

साचा सनमायका लावलेल्या प्लायचा, आतून खोबरेल तेलाचा हात फिरवलेला. फळ्या खिळ्यांऐवजी स्क्रूने जोडा. थर पीओपीचे (प्लास्टर ऑफ पॅरिस) आहेत. पीओपी आवळताना किंचित फुगते, खिळे ढिले पडतात आणि ठोकळा साच्यात अडकतो.

आता थराबद्दल, कारण सगळी गंमत तिथेच आहे. लाव्हा थांबला की त्यातला वायू वर चढतो आणि वरच्या गोठत्या सालीखाली अडकतो. म्हणून प्रवाहाचा गाभा घट्ट आणि माथा भोकाभोकांचा. मॉडेलचा प्रत्येक थरही दोन भागांत ओतला आहे. खाली १ सेंमी घट्ट: २७५ ग्रॅम पीओपी, १९० मिली पाणी, १४ ग्रॅम काळा ऑक्साइड (रंगाची पूड). वर अर्धा सेंमी सच्छिद्र: १०० ग्रॅम पीओपी, ७० मिली पाणी, ५ ग्रॅम ऑक्साइड, शिवाय सोडा आणि तुरटी.

बुडबुड्यांसाठी आधी सोड्याबरोबर लिंबूसत्व वापरून पाहिले. ते फसते. लिंबूसत्वामुळे पीओपी आवळायला फार वेळ लागतो, तोवर बुडबुडे वर येऊन फुटून जातात आणि थर सपाट बसतो. तुरटीचे उलट आहे: ती सोड्यातून वायूही सोडते आणि पीओपी लवकर आवळवते, त्यामुळे बुडबुडे जागच्या जागी पकडले जातात. पाव ग्रॅम सोडा दर वेळी मोजणे अवघड, म्हणून सव्वा किलो पीओपीत ३ ग्रॅम सोडा एकदाच चाळून वेगळ्या कोरड्या पिशवीत ठेवला. १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम तुरटी विरघळवून त्यातले १० मिली प्रत्येक थराला, उरलेले ६० मिली साधे पाणी. रंग आधी पाण्यात कालवून घ्या आणि ढवळून होताच ओता, मिनिटभरही रेंगाळू नका. घमेल्याला आधीची आवळलेली पीओपी चिकटलेली असेल तर नवे मिश्रण त्याहून लवकर आवळते, म्हणून दर वेळी भांडे स्वच्छ हवे. उरलेले मिश्रण मोरीत ओतू नका, नळी कायमची तुंबते.

दोन प्रवाहांच्या मध्ये घाटात कधी कधी विटकरी लाल पट्टा दिसतो. पुढचा प्रवाह येण्याआधी खालच्याचा माथा झिजून त्याची माती झाली, त्याची ती खूण. मॉडेलमध्ये तो थर ३, ६ आणि ९ वर आहे. थर ३ वर गेरूची कोरडी पूड भुरभुरवली होती, तिथून थर ४ अखंड सुटून आला. पुन्हा करताना २ भाग पीओपीत १ भाग गेरू घालून पातळ लेप २ मिमी दिला, तो पक्का बसला. याच जातीची दुसरी चूक: खालचा थर सुकलेला असला की तो ताज्या मिश्रणातले पाणी शोषून घेतो आणि सांध्याजवळ पीओपी भुसभुशीत राहते. ओतण्याआधी खिळ्याने आडवे-उभे ओरखडे काढा आणि पाणी पिणे थांबेपर्यंत ब्रशने भिजवा.

डाइक, म्हणजे लाव्हा वर येण्याची भेग गोठून झालेली उभी भिंत. धुळे-नंदुरबारकडे अशा भिंती पुष्कळ आहेत. मॉडेलमध्ये ३ मिमी अ‍ॅक्रिलिकची तेल लावलेली पट्टी पहिल्यापासून उभी ठेवली आणि थर ७ नंतर ओढून काढली. त्या फटीत दुप्पट ऑक्साइडचे मिश्रण भरले. भेग खालचे सात थर कापते आणि आठव्याला लाव्हा पुरवते, हे नुसत्या नजरेने कळते.

साचा काल उघडला. पीओपी ओलसर असतानाच कोरीवकाम करायचे असते, पूर्ण सुकल्यावर ती टवके उडवते. पुढच्या बाजूने जुन्या टूथब्रशने आणि पाण्याने घासले की सच्छिद्र भाग आणि गेरूचा पट्टा आधी झिजतो, घट्ट भाग कड्यासारखा उभा राहतो. सह्याद्रीच्या पायऱ्या अशाच झाल्या आहेत, आणि पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरूनच या खडकाला ‘ट्रॅप’ नाव पडले. इथे पायरी कोरावी लागत नाही, थर नीट ओतले असतील तर ती आपोआप उमटते. उघड्या पडलेल्या भोकांत पांढरी वॉल पुट्टी भरून ओल्या फडक्याने पुसली की झिओलाइटचे, म्हणजे बेसॉल्टच्या भोकांत साठणाऱ्या खनिजाचे, पांढरे ठिपके तयार.

सोबतीला अंधेरीच्या गिल्बर्ट हिल या टेकडीतल्या बेसॉल्टच्या उभ्या खांबांची नक्कल. १०० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, १०० मिली पाणी, दोन थेंब डेटॉल (नाहीतर बुरशी धरते), काचेच्या पेल्यात ४ सेंमी खोल. वरून २५ सेंमीवर ६० वॉटचा जुना तारेचा बल्ब. एलईडी चालत नाही, तो पुरेसा तापत नाही. आधी मोठ्या भेगा पडतात, त्या पाहून फेकून देऊ नका. आठवड्याभरात वरून खाली बारीक खांब वाढत जातात, गठ्ठा उलटा करून पाहिल्यावर ते दिसतात. खडक थंड होताना आकसतो, पीठ सुकताना आकसते. पाटीवर हा फरक लिहा.

संशोधनाच्या वहीतला लोणारचा फोटो काढून टाकला आहे. ते ज्वालामुखीचे तोंड नाही, याच बेसॉल्टवर अशनी आदळून पडलेला खड्डा आहे.

ठोकळा आता सावलीत, फळीवर, चारही बाजूंनी वारा लागेल असा ठेवला आहे. रोज वजन घ्यायचे, आणि सलग दोन दिवस काटा हलला नाही की मगच मॅट वॉर्निश. त्याआधी लावले तर आतले पाणी कोंडते आणि काळ्या रंगावर पांढरट डाग उमटतात.