बाळाच्या सीटीतली एक रेष

वाशीच्या एका हॉस्पिटलात रात्रीचं रेडिओलॉजी रिपोर्टिंग बघते मी. रविवारी रात्री घणसोलीहून अकरा महिन्यांचं बाळ आलं, दुपारी पलंगावरून पडलेलं. पलंग जेमतेम दोन फुटांचा, बाळ शुद्धीत, उलटी नाही, आणि बरोबरच्या आजी म्हणत होत्या की पोरं पडतातच, एवढं काय त्यात. त्यांचंही चूक नाही, पडलेल्या बहुतेक मुलांना डोक्याचा सीटी स्कॅन लागतच नाही, रेडिएशन लहान मेंदूला जास्त बाधतं म्हणून आम्हीही शक्यतो टाळतो.

पण आई एकच सांगत होती, "मॅडम, हा असा नसतो हो, मोबाईलवर गाणं लावलं तरी बघत नाहीये." आणि कानाच्या वर मऊ सूज होती. 2009 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला पेकार्न या मुलांच्या इमर्जन्सीवर संशोधन करणाऱ्या अमेरिकी गटाचा अभ्यास आहे, 42 हजारांहून जास्त मुलांचा, त्यातून सीटी कोणाला नको हे ठरवायचे नियम निघाले. दोन वर्षांखालच्या मुलांसाठी त्यात कपाळ सोडून डोक्यावर कुठेही आलेली सूज धोक्याची खूण धरतात, आणि मूल नेहमीसारखं वागत नाही असं आईबाप म्हणतात का हेही धरतात. म्हणजे आईचं म्हणणं ही तपासणीच झाली की, घाबरलीये म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही ती. इथे दोन्ही होतं, म्हणून कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांनी सीटी सांगितला आणि मला तो बरोबरच वाटला.

भूल दिली नाही. आईने दूध पाजलं, दुपट्यात घट्ट गुंडाळलं, टेक्निशियन दादांनी लहान मुलांचा कमी डोसचा प्रोटोकॉल लावला आणि काही सेकंदात स्कॅन झाला.

आता वाचायचं कसं ते सांगते, कारण इथेच मोठ्यांच्या स्कॅनला सरावलेली नजर फसते. बाळाची कवटी म्हणजे वेगवेगळी हाडं, मध्ये सुचर म्हणजे हाडं जुळतात तिथले सांधे, शिवाय काही मुलांना जास्तीचे सुचर असतात, सगळ्या रेषाच रेषा. सुचर बहुतेकदा नागमोडी असतो, कडा जरा पांढरट, आणि दुसऱ्या बाजूला बऱ्याचदा त्याचा जोडीदार सापडतो. फ्रॅक्चर सरळ जातं, कडा धारदार. त्यात बाळाचा मेंदू अजून पूर्ण तयार नसतो, म्हणून स्कॅनमध्ये काळपट दिसतो आणि मेंदूच्या दोन भागांमधला पडदा उगाच पांढरा वाटतो, तिथे रक्त आहे असं वाटून धडकी भरते.

उजव्या पॅरायटल हाडात, म्हणजे कवटीच्या बाजूच्या हाडात, एक रेष होती. डावीकडे तशी काहीच नव्हती. थ्रीडी करून कवटी फिरवून पाहिली, तर ती सरळ खाली सुचरपर्यंत गेलेली, बरोब्बर सुजेच्या खाली. मग विंडो, म्हणजे स्क्रीनवरच्या काळ्या-पांढऱ्या छटांचं सेटिंग, रुंद केली, कारण नेहमीच्या विंडोत पातळ रक्त हाडाच्या पांढऱ्यात मिसळून जातं, आणि हाडाला चिकटून मसूरडाळीच्या आकाराचा पातळ पांढरा पट्टा दिसला. एक्स्ट्राड्युरल, म्हणजे कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये साठलेलं रक्त. मेंदू सरकलेला नव्हता.

अशा वेळी सांगितलेली गोष्ट इजेशी जुळते का हेही बघावंच लागतं, ते कोणाला आवडत नाही पण मुलासाठी करायचंच. पलंगावरून पडून असं साधं एका रेषेचं फ्रॅक्चर होऊ शकतं, जुनी इजा काही दिसली नाही, बालरोगतज्ज्ञांनीही बाळाचे सगळे कपडे काढून तपासलं.

रिपोर्ट टाइप करत बसले नाही, आधी न्यूरोसर्जनना फोन केला. सर म्हणाले रक्त थोडंच आहे, ऑपरेशन नको, आयसीयूत ठेवा, दर तासाला बघा, बिघडलं तरच परत सीटी. बिघडलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात गेले तर बाळ आजींच्या मांडीवर, मोबाईलवरचं गाणं बघत होतं, आणि आई कितीतरी वेळाने चहा पीत होती.

आमच्याकडे सीटीच्या फॉर्मवर नुसतं 'पडला' एवढंच लिहून येतं. ज्युनिअर्सना मी सांगितलंय, आई काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहा, मला वाचताना लागतं ते.